करवलीची जागा

“हिला काढायची,” असं म्हणून आकारामनं माझ्या मॉनिटरवर बोट टेकवलं. बोट तेलकट होतं. स्क्रीनवर त्याची मुलगी वर्षाराणी हातात करा धरून भावाच्या पाठीमागे उभी होती, आणि तिच्या बरोबर गालावर बापाच्या बोटाचा डाग उमटला. काचेला बोटं लावणाऱ्या माणसांची मला आधीपासूनच शिसारी येते. तोंडावर मी त्याला आबा म्हणायचो, अख्खं कोडोली गाव म्हणतं. इथं म्हणणार नाही.

“कुठून काढायची?” मी विचारलं.

“सगळीकडनं.”

शेजारी त्याचा थोरला, विश्वजित, मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता. लग्न त्याचंच. दोन वर्षांपूर्वी मीच शूट केलेलं, मीच एडिट केलेलं. विश्वजित माझा मित्र आहे. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो अंगठ्यानं स्क्रीन सरकवत राहिला.

“राजवीरला, धाकट्याला, शिरोळचं स्थळ आलंया,” आकाराम सांगू लागला. “मोठी माणसं हायत. परवा येऊन गेली. टीव्हीवर ह्येच्या लग्नाचा पिच्चर लावलाता. त्यातल्या म्हातारीनं इचारलं, ही करवली कोण, कुठं दिली हिला. आता काय सांगायचं? आणि जाताना म्हणाली, पेन ड्राइव्ह द्या, घरात सगळी बघतील. म्हटलं, रविवारी देतो.”

“मग काय सांगितलं, कोण म्हणून?”

“सांगितलं, लांबची हाय.”

वर्षाराणी गेल्या दिवाळीनंतर रजिस्टर लग्न करून गेली. मुलगा बुद्धभूषण, कॉलेजात तिच्या वर्गातला, आता पुण्यात नोकरीला आहे. मला हे माहीत होतं. मला माहीत नसेल असं वाटून आकाराम जरा पुढे वाकला.

“तुमच्यातल्याच पोराबर गेली. तुमच्यापासनं काय लपवायचं, पावणं.”

दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, प्रसेनजीत कांबळे. आकारामच्या डोक्यावर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. हा अगदी आपुलकीनं बोलत होता, घरचं दुखणं घरच्या माणसाला सांगावं तसं. मी तिघांसाठी चहा सांगितला होता. विश्वजितनं पिला, मी पिला. आकाराम “आत्ताच झाला” म्हणाला आणि त्याच्या कपावर हळूहळू साय धरली. मी त्या सायीकडे बघत बसलो.

“अवघड आहे, आबा,” मी म्हणालो. “करवली आहे ती. जिथं नवरदेव तिथं ती आहे.”

तेव्हा कुठे विश्वजितनं तोंड उघडलं. “प्रसेन, तू डबडं काढलंस की. कळलं का कुणाला? आबा, कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमणार न्हाय हे. म्हणून तर हितं आणलं तुमाला.”

डबडं काय ते सांगायला हवं. अंतराळातल्या गोष्टीची एक इंग्रजी पिक्चरमालिका आहे, सहा भागांची. नाव सांगत नाही. नाव घेतलं की तिचे भक्त भांडायला येतात, आणि मी त्यांच्यातलाच आहे. एक कॅप्टन बाई, एक मोडकं यान, आणि पाणी असलेला ग्रह शोधत फिरणारी नऊ माणसं. पहिले तीन भाग मी किती वेळा बघितले याचा हिशेब नाही. कोण कधी श्वास घेतं तेसुद्धा पाठ आहे. मग चौथ्या भागात कंपनीला खेळणी विकायची हुक्की आली आणि त्यांनी यानात स्वयंपाक करणारा एक यंत्रमानव घुसवला. गोल पोट, चिरका आवाज, माणसं मरत असताना विनोद. आम्ही त्याला डबडं म्हणायचो. ते पडद्यावर आलं की मी आवाज बंद करायचो.

आवडता पिक्चर घरी घेऊन बसायचं, त्यातलं नको ते काढायचं आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना दाखवायचं, असे लोक जगभर आहेत. मी दीड वर्ष दुपारच्या रिकाम्या वेळात चौथा आणि पाचवा भाग घेऊन बसलो. कापता आलं तिथं कापलं. जिथं डबडं बाकीच्यांच्या मधोमध उभं होतं, तिथं एकेक फ्रेम घेऊन त्याच्यावर मागची भिंत चढवली. अशा वेड्यांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा ब्राझीलमधल्या एका माणसानं लिहिलं, आता हा पिक्चर पहिल्यासारखा झाला. विश्वजितनं माझ्या दुकानात बसून तो सलग दोनदा बघितला.

एक खोट राहिली होती. जेवणाच्या प्रसंगात कॅप्टन टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघून हसते. तिथं डबडं असायचं, आता तिथं भिंत आहे. काढलेल्याकडे बघणाऱ्यांचं काय करायचं, याला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. मी चित्र थोडं मोठं केलं, तिचे डोळे चौकटीच्या बाहेर ढकलले आणि विषय मिटवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सांगायचा मुद्दा हा की मला नाही म्हणता आलं असतं. कुणी गळा धरला नव्हता. पण “दुसऱ्या कुणाला जमणार न्हाय” हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात सगळ्यात आधी करवलीच्या मागचा पडदा आला. लाल मखमल, सरळ चुण्या, भरायला सोपी. आधी पडदा आला, बाकी सगळं नंतर. या गोष्टीची मला आज आकारामपेक्षा जास्त किळस येते.

“शनिवारी या,” मी म्हणालो.

चार दिवस काम केलं. डबड्यावर भिंत चढवताना मजा यायची, शिट्टी वाजवत करायचो. इथं बावीस वर्षांची मुलगी होती. हसताना डोळे बारीक करणारी, कॅमेरा दिसला की जीभ काढणारी. तिच्या कपाळावर मी मखमलीची चुणी ठेवली, मग नाकावर, मग ओठांवर. एका ठिकाणी मुलगी गेली आणि कऱ्यावरचा नारळ तेवढा राहिला. चार फ्रेम तो विश्वजितच्या खांद्यामागे अधांतरी तरंगत होता. तोही पुसला.

हळदीच्या वेळी तर कहर झाला. वर्षाराणी मागून येऊन आईच्या गालाला हळद फासते असं ते दृश्य होतं. आई म्हणजे आक्काताई, आकारामची बायको. मुलीचा हात काढला, तर आक्काताईचा गाल आपोआप पिवळा होऊ लागला. मग मी गालाची हळदसुद्धा पुसली. कोऱ्या गालानं ती बाई मान वळवून, डोळे मिटून, खदखदून हसत राहिली.

घरी जेवताना अनुजानं, माझ्या बायकोनं, विचारलं, “सारखा हाताचा वास काय घेतोयस?”

“काही नाही.”

“तीनदा धुतलास.”

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ताटातली भाकरी तशीच ठेवून ऐकत होती.

“आणि तू हो म्हणालास?”

“शनिवारी द्यायचंय.”

“उद्या आपल्या श्रुतीनं कुठं लग्न केलं तर तिलाबी असंच पुसशील काय रे?” एवढं म्हणून ती उठली. श्रुती आमची मुलगी, चौथीत आहे. त्यानंतर दोन दिवस अनुजा माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शनिवारी अकराच्या सुमारास ते आले. या वेळी आक्काताईही बरोबर होती. अंबाबाईला जाऊन आले होते, आक्काताईच्या पिशवीतून वेणीचा वास येत होता. मी दोघा बापलेकांना खुर्च्या दिल्या. ती मागच्या स्टुलावर बसली. मी लावलं.

आकाराम गुडघ्यावर हात ठेवून बघत होता. दहा मिनिटांनी त्यानं मांडीवर थाप मारली.

“काय न्हाईच की ही. जल्मालाच आली न्हाय म्हणायची.”

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसलं. काम चांगलंच झालं होतं. मागे आक्काताई काय करते आहे ते बघायची माझी छाती झाली नाही. समोरच्या स्क्रीनवर ती होतीच, हळदीच्या पाटाजवळ, रिकाम्या हवेला मान वळवून हसणारी.

मंगलाष्टका सुरू झाल्या. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. एकटी आक्काताई नवरदेवामागच्या पडद्याकडे बघत होती. तिनं भुवया उंचावल्या, हातानं खांद्याजवळ खूण केली, पदर नीट कर म्हणून, आणि कुणीतरी नीट केल्यावर करावी तशी समाधानानं मान हलवली. समोर मखमल होती.

“थांबवा,” आकाराम म्हणाला. “ही कुणाला खुणावतीया?”

मी चित्र थांबवलं.

“येड लागल्यागत दिसाय लागलंया. त्या हळदीतबी तसंच. पावणं म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम हाय.” मग त्यानं जरा विचार केला. “असं करा. हिलाबी काढा तेवढ्यातनं.”

ती त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तीस-पस्तीस वर्षं जिच्या हातचं जेवला तिला काढायला सांगताना त्याच्या आवाजात काडीचाही फरक पडला नव्हता.

“काढा की,” मागून आक्काताई म्हणाली. “पोराच्या लग्नात आई नसली म्हणून काय अडत न्हाय.”

ती ते टोमण्यानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं परवानगी दिली होती.

“होत नाही ते,” मी म्हणालो.

“का हुईत न्हाय?”

“त्यांना काढलं तर नवरदेवाचा खांदा जातो.”

धडधडीत खोटं होतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते, आणि विश्वजितला ते कळत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मोबाईल खिशात ठेवला.

“व्हय आबा,” तो खाली बघत म्हणाला. “जमत न्हाय तसलं.”

“मग ऱ्हाऊ दे तर,” आकाराम म्हणाला. “जोतिबाच्या फोटूकडं बघत हुती म्हणून सांगू.”

पेन ड्राइव्ह घेऊन ते गेले. चहा या वेळी मी सांगितलाच नव्हता. ओल्या फडक्यानं मॉनिटर पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

सोमवारी विश्वजितचा मेसेज आला. “ठरलं. पिच्चर लई आवडला पावण्यांना.” पुढे हसरा चेहरा. त्या दुपारी मी माझा चौथा भाग उघडला, जेवणाच्या प्रसंगात मोठं केलेलं चित्र परत लहान केलं. कॅप्टनचे डोळे चौकटीत आले. ती भिंतीकडे बघून हसत होती. नऊ माणसांच्या पंगतीत ती एकटीच वेडी दिसत होती, आणि तिला वेडी करणारा मी. डबडं मला आजही आवडत नाही, ते सोडा. पण माझा पिक्चर मी ग्रुपवरून काढून टाकला. ब्राझीलच्या माणसानं त्याच्या भाषेत बहुधा शिव्या घातल्या.

शुक्रवारी दुपारी आक्काताई एकटी आली. चपला बाहेर काढल्या. मी उठून खुर्ची पुढे केली तरी त्याच स्टुलावर बसली.

“एक इचारायचं हुतं,” ती म्हणाली. “तुमी ते काढलं नव्हं, ते काढलेलं कुठं टाकता?”

“टाकत नाही, काकी. मूळचं सगळं तसंच असतं.”

“सगळं?”

“सगळं. आपण फक्त वरून झाकतो.”

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली. मला राहवलं नाही.

“फोन नाही करत का ती?”

“करत्या की. रोज संध्याकाळी वाजतो. मी उचलत न्हाय. ह्येंनी जोतिबाची शपथ घातलीया, बोलायचं न्हाय म्हणून.” मग तिनं मॉनिटरकडे बघितलं. “बघायचं न्हाय अशी न्हाय घातली.”

मी शूटिंगच्या फाईली उघडल्या. न कापलेलं, न झाकलेलं. वर्षाराणी जिथं जिथं होती ते तुकडे एकापुढे एक ठेवले. पंगतीत आईच्या तोंडात जिलेबी कोंबताना. मेंदीचे हात वर धरून पळताना. पदर खांद्यावर ओढून, झालं का आता, असं कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणालातरी विचारताना. हळद फासताना. अकरा मिनिटं झाली.

माणूस परत परत बघायला लागला की त्याचे डोळे कसे होतात ते मला माहीत आहे. माझेच तसे होतात. पुढे काय होणार ते त्यांना आधी कळतं. वर्षाराणी मागून हळदीचा हात घेऊन यायच्या आतच इकडे स्टुलावर आक्काताईनं मान वळवून डोळे मिटले.

संपल्यावर मी विचारलं, “पेन ड्राइव्हमध्ये देऊ का?”

“नगं. आमच्यात तिला ठेवायला जागा न्हाय. तुमच्यापाशीच असू द्या. मी येत जाईन शुक्करवारी.”

मी बरं म्हणालो. ज्यानं मुलीला पुसलं त्याच्याकडेच आई तिला ठेवायला देत होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“च्या सांगा की,” ती म्हणाली.

मी सांगितला. पोचेपर्यंत जरा वेळ झाला, कपावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बशीत काढून ठेवली, चहा पिला, कप खाली ठेवला आणि स्टूल दोन बोटं पुढे ओढलं.

“परत लावा,” ती म्हणाली.