मार खाल्लेला गुण्या

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे. काटकोन तपासायचं हत्यार. पातं पोलादाचं, स्वभाव त्याहून ताठ. यवतला हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिटायर फिटर सिद्दीकमामा पोरापोरींना पहिल्या नोकरीच्या परीक्षेसाठी लोखंड घासायला शिकवीत. घासलेल्या तुकड्याला मला लावायचं, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की तुकडा भंगारात. मला कुणी पाडलं तर मामा कानाखाली जाळ काढत. नोकरीला लागले एकतीस; तापलेले कान त्याहून पुष्कळ.

पोपटला हे खुपत होतं. तो कंपन्यांना मजूर पुरवायचा. शिकलेली पोरं थेट गेटवर गेली तर त्याला कोण विचारतो? मामांकडं शिकणाऱ्या गौतमीच्या परीक्षेच्या आदल्या सकाळी तो दोन गडी आणि लोखंडी गज घेऊन आला.

"मामा, लई फिटर घडवाया लागलात व्हय?"

"तुला बी घडवला असता. पर लोखंड बरं लागतं."

पहिला गज मामांच्या खांद्यावर पडला, दुसरा डोक्यावर. टेबल उलटलं, कानशी उडाल्या, पांढरी दाढी लाल झाली. पोपटनं पुन्हा गज उचलला, तेव्हा गौतमीनं हाताला लागलं ते, म्हणजे मलाच, त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी फार जवळून ऐकला. तो किंचाळला, तिनं परत हाणलं. गड्यांनी त्याला फरफटत नेलं.

मामांनी एक डोळा उघडला. "कशानं हाणलंस?"

"गुण्यानं."

रक्ताळल्या हातानं त्यांनी तिच्या कानाखाली दिली. "त्याचं हाड जुळंल. ह्याचा कोन जुळंल का? उद्या काय घिऊन जाशील?" आणि शुद्ध हरपली.

मामा दवाखान्यात, मी तिच्या पिशवीत. परीक्षेला हत्यारं आपापली न्यायची होती. कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात तिनं मला लोखंडाच्या कडेला टेकवून एका ठिपक्यातून रेघ ओढली, मग उलटवून त्याच ठिपक्यातून दुसरी. खरा गुण्या दोन्ही वेळा एकच रेघ देतो. माझ्या दोन निघाल्या, चोचीसारख्या उघड्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र दोन्हींच्या बरोबर मधून तिसरी ओढली आणि तिच्यावर कानस चालवली.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी स्वतःचा गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरला. उजेड दिसला नाही. मग त्यांनी मला उचललं. "अगं, हा तर वाकडाय!"

"मार बसलाय सायेब त्याला. दोन्हीकडून इचारलं की खरं सांगतो."

गौतमी तिथंच कामाला लागली. मामा बारा टाके मिरवत पुन्हा पोरांवर ओरडतात.

मित्रांनो, हत्यार जपा. आणि कुणाला हाणायचीच वेळ आली, तर शेजारी हातोडा असतो. त्याचा कोन बिघडत नाही.