कपाटातला मास्क

मी मास्क बोलतोय. हळूच बोलतो. कपाटात राहून बोलायची सवय गेलीय.

माझं घर म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातलं लोखंडी कपाट. आम्ही चाळीस भावंडं तिथे घडी घालून पडलेली. पलीकडच्या खोलीत मावशी पिंपात रंगाची निळी पूड कालवायची. पूड उडाली की खोकायची. आधी दोन कोरडे खोकले, मग एक लांबलचक. दाराआडून ऐकताना माझा जीव तुटायचा. ती पूड अडवायलाच तर मला बनवलेलं!

इथले शर्ट विकणाऱ्या मोठ्या दुकानांकडून तपासणी आली, की कपाट उघडायचं.

"मावशी, मास्कला डाग पाडू नकोस हं. पुढच्या वेळी लागतील," सुपरवायझर बजावायचा.

"डाग कसला पडतोय? त्या दिवशी पूड तरी कुठे उघडता तुम्ही!" मावशी हसायची.

खरंच होतं ते. एरवी शर्टाचा जो रंग, तोच मागच्या नाल्याचा. तपासणीच्या दिवशी मात्र नालासुद्धा आंघोळ केल्यासारखा. तासाभरात मी परत कपाटात. मावशीच्या श्वासाची ऊब तेवढी वर्षभर आठवत बसायचो.

यंदा तपासणीला नवीन बाई आल्या. पाहणी संपवून त्या दाराशी थांबल्या. एरवी तिथे सुपरवायझर मास्क जमा करायला उभा असायचा. मावशीने सवयीने मला काढलं आणि बाईंच्याच हातात दिलं.

"मोजून घ्या हो ताई. मागे एक कमी भरला, तर बोलणी मी खाल्ली."

बाईंनी मला उलटून पाहिलं. आतबाहेर कोराच.

"रोज वापरत नाही, मावशी?"

"वापरतात की! धुतलाय तो," सुपरवायझर घाईने पुढे आला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तिची नोकरी त्याच्याच हातात. तरी ती म्हणाली, "कपाटाची किल्ली यांच्याकडे असते."

बाईंनी मला पिशवीत घालून नेलं. आता मी एका कचेरीतल्या टेबलाच्या खणात आहे, अंगावर नंबर चिकटवलेला. पुरावा म्हणतात मला. तोंडावर कुणी बांधत नाही.

तुम्ही निळा शर्ट घ्याल, तेव्हा दुकानात एकदा विचारा, रंग कालवणाऱ्या मावशीला रोज मास्क मिळतो का? उत्तर मिळालं, तर मलाही कळवा.

इथे फार शांत आहे. खोकला ऐकू येत नाही. मावशी बरी झाली, तिला कामावरून काढलं, की मीच फार लांब आलो?