अफसानाच्या नावानं शिरा

आमच्या लॅबमध्ये दिवाळीनंतर नवे कॉम्प्युटर आले, असं सगळे म्हणतात. खरं तर जुने गेले आणि त्यांच्या जागी स्क्रीनच्या पाठीमागं चिकटवलेला टिफिनएवढा एक डबा आला. सगळं काम म्हणे लांबच्या सर्व्हरवर. आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की आपला कॉम्प्युटर तिथून उतरून समोर हजर. कुठल्याही टेबलावर बसा, तुमचं तुम्हाला मिळणार. लॅबच्या मालकीण डॉक्टर मॅडम फार खूश होत्या. काउंटरवर बसून रिपोर्ट छापायची वेळ त्यांच्यावर येत नाही, तेव्हा खूश व्हायला त्यांचं काय जातंय?

कारण त्या उतरून आलेल्या कॉम्प्युटरला बाकी सगळं आठवायचं, प्रिंटर तेवढा आठवायचा नाही. चहाला उठताना बाहेर पडलं आणि परत आत शिरलं की झालं, पाटी कोरी. पुन्हा यादीतून आपला प्रिंटर शोधा, लेटरहेड खालच्या ट्रेमधून घे म्हणून सांगा, पाठपोट छापू नको म्हणून सांगा. एकदा घाईत विसरले तर एका आजोबांच्या साखरेचा रिपोर्ट दुसऱ्याच्या लघवीच्या रिपोर्टाच्या पाठीवर निघाला. काउंटरपुढं सकाळपासून उपाशी माणसं उभी. "ओ बाई, आज मिळतोय काय रिपोर्ट, का मुक्कामाला येऊ?" असली बोलणी ऐकून माझं डोकं फिरायचं आणि मीही तशीच उलट द्यायचे. राजारामपुरीत सगळ्यात भांडकुदळ काउंटर आमचा, असं लोक म्हणायला लागले होते.

मग कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीकडून दत्तप्रसाद आला. सडपातळ, गोड बोलणारा. सगळ्यांचं एकदम करता येणार नाही, आधी एकाच नावावर करून बघतो म्हणाला, आणि मी जास्त ओरडत होते म्हणून माझं नाव घेतलं. "ताई, तुम्ही बाहेर पडताना प्रिंटरची सगळी निवड तुमच्या नावाखाली जपून ठेवली जाईल. परत शिरलात की तशीच मांडून मिळेल. मात्र शेवटचं जे निवडाल, तेच राहणार."

दुसऱ्या दिवसापासून माझा रिपोर्ट बटण दाबायच्या आत बाहेर. शेजारच्या दोन पोरी अजून यादीत प्रिंटर शोधत बसलेल्या. मला दया आली. "अगं, माझ्याच नावानं शिरा की," म्हणाले आणि पासवर्ड सांगितला, माझ्या पोराचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. आठवड्याभरात रक्त घेणाऱ्यांपासून हिशेबवाल्यापर्यंत सगळे माझ्याच नावानं शिरायला लागले. कुणाचं काही अडलं की आवाज यायचा, "अफसानाच्या नावानं शिरा की!" मला त्यात मोठेपणाच वाटायचा, खोटं कशाला बोलू. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात येतं. त्या दिवसांत अर्ध्या कोल्हापूरच्या रक्ता-लघवीखाली माझं नाव होतं.

आता कालिंदीचं सांगते. कालिंदी वरच्या मजल्यावर, सोनोग्राफीच्या टेबलावर. आम्ही दोघी दुपारी गच्चीवर जेवायचो. तिचा खर्डा, माझी भाकरी, आणि दोघींच्या सासवांच्या तक्रारी. माझ्या काशिफला डेंग्यू झाला तेव्हा ती दवाखान्यात त्याच्या उशाशी रात्रभर बसली होती आणि मला म्हणाली होती, "तू झोप, मी हाय." सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तिनं केलं. हे मी विसरलेले नाही. त्यामुळंच तर पुढचं जास्त लागलं.

माझं माहेर कुरुंदवाडचं. तिथं आमच्या दाराला दार लागून शालूबाईंचं घर. त्यांची अंतरा माझ्या डोळ्यांपुढं वाढली, आता शाळेत शिकवते. तिला पाळीचा त्रास व्हायचा म्हणून गेल्या वर्षी शालूबाई तिला घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. "गावात नगं ग बाई. तुझ्याकडं आणलीया. भाईर जायला नगं एवढं बघ." मी म्हणाले, "शालूमावशी, हितनं कायबी भाईर जायचं न्हाई." हॉर्मोन्सच्या तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, पोरगी चांगली झाली. विषय संपला.

उन्हाळ्यात कालिंदी भाच्यासाठी मुलगी बघत होती, तेव्हा मीच अंतराचं नाव काढलं. मीच दोन्ही घरांना जोडून दिलं. सुपारी फुटली त्या दिवशी कालिंदीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता तू माझी पावणी झालीस." मी पेढ्यांचा पुडा घेऊन काउंटरभर फिरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी रिपोर्ट छापायला दिला आणि कागदच निघेना. ट्रे बघितला, वायर बघितली, प्रिंटरला दोन चापट्या मारल्या. मग स्क्रीनवर लक्ष गेलं. निवडलेला प्रिंटर आमचा नव्हताच, वरच्या मजल्यावरचा, सोनोग्राफीचा होता. कुणीतरी माझ्या नावानं शिरून तो निवडला होता आणि दत्तप्रसादच्या जादूनं तो तसाच जपून ठेवला होता. समोरचा माणूस घड्याळ बघत होता. मी ज्यानं केलं त्याला मनातल्या मनात शिवी घातली, आपला प्रिंटर परत निवडला आणि कामाला लागले. माझा कागद आणायला वर गेले तर कालिंदीनंच तो माझ्या हातात दिला. "तुझं हितं आलंय बघ," म्हणाली आणि हसली. मीही हसले.

पुढच्या सोमवारी शालूबाई आल्या. गर्दीला बाजूला सारत थेट काउंटरपाशी, आणि अंतराचा तो गेल्या वर्षीचा रिपोर्ट माझ्यापुढं आपटला. पोराकडच्यांनी तो कागद दाखवून लग्न मोडलं होतं. पोरीला मूल होणार नाही, तुम्ही लपवलंत, म्हणाले होते. रिपोर्टात तसं काही नव्हतं. पण कागदावर इंग्रजीत छापलेलं आणि आकड्यापुढं लाल खूण असली की आपल्याकडं माणसं वाटेल ते वाचतात. शालूबाईंनी तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथं माझं नाव आणि त्या आधीच्या आठवड्यातली तारीख.

"तूच स्थळ आणलंस आणि तूच मोडलंस. का ग? काय वाकडं केलतं आम्ही तुझं?"

मी कागद उचलून तळाचं नाव दोनदा वाचलं. माझंच. मॅडमनी आत बोलावलं. मी सांगितलं की माझ्या नावानं सगळेच शिरतात. मॅडमनी काउंटरवरच्या दोन्ही पोरींना बोलावून विचारलं. पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पोरींनी एकमेकींकडं बघितलं. "नाही मॅडम, आम्ही आमच्याच नावानं शिरतो." हिशेबवाल्यानंही तेच सांगितलं. माझ्या भाकरीतला तुकडा मोडून खाणारी माणसं ही. मॅडम म्हणाल्या, "अफसाना, शुक्रवारी मी त्यांना परत बोलावलंय. तोपर्यंत काय ते ठरवा. तक्रार पुढं गेली तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती, हात धड आहेत. पण कुरुंदवाडच्या त्या दारासमोरून मी कुठल्या तोंडानं जाणार होते? त्या घराला मी शब्द दिला होता, आणि तो मी मोडलेला नव्हता. हे शालूबाईंना पटलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

जिन्यात बसले असताना मला ती सकाळ आठवली. कागदावरची तारीख जुळवली, बरोबर आदल्या दिवसाची निघाली. आदल्या संध्याकाळी कुणीतरी वरच्या मजल्यावर माझ्या नावानं काहीतरी छापलं होतं. वरच्या मजल्यावर बसतं कोण? मला उत्तर माहीत होतं आणि मी ते दहा वेळा मनातून ढकलून दिलं. दत्तप्रसादला फोन केला, माझ्या नावाखाली आधी कुठला प्रिंटर होता ते सापडेल का म्हणून. तो म्हणाला, "ताई, शेवटचं तेवढंच राहतं. तुम्ही बदललंत की आधीचं गेलं. कुठल्या प्रिंटरवर काय निघालं याची नोंद चालू करायची होती, ती अजून केलेली नाही." म्हणजे पुरावा आयता माझ्यापुढं मांडलेला होता आणि मी तो स्वतःच्या हातानं पुसला होता, का तर गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं.

दुपारी गच्चीवर कालिंदीनं डबा उघडला. मी उघडला नाही.

"तू काढलास काय ग तो कागद?"

तिनं आधी घास खाली ठेवला, मग पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. भाच्यानं घरी सहज सांगितलं होतं, अंतराला मागं त्रास होता, तिनंच मला सांगितलंय, आता बरी आहे म्हणून. त्यावरून वहिनीनं हिचे पाय धरले, तिचा रिपोर्ट काढून आण म्हणून. "एकुलतं एक पोरगं हाय ग तिचं. काय करणार व्हतो मी?"

"बघायचं हुतं तर तुझ्या नावानं बघायचं. माझ्या का?"

"माझ्या नावानं निघालं असतं तर आत्यानंच काढलं म्हणून बोंब झाली असती. तुझ्या नावानं तर सगळ्यांचंच निघतंय. तुझ्यावर कोण संशय घेणार, असं वाटलं मला." मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्या जागी तू असतीस, पोरगं तुझा काशिफ असता, तर बघितलं नसतंस?"

मी विचार केला. खरंच केला. "बघितलं असतं का न्हाई, ठावं न्हाई मला. पण बघितलं असतं तर माझ्या नावानं."

 तिनं माझा हात धरला. "शुक्रवारी सांगतो मी. मॅडमम्होरं, शालूबाईंच्या म्होरं, समदं सांगतो. आईची शपथ. तू जेव आता." आणि मी जेवले. तिच्या डब्यातला खर्डा घेऊन जेवले. इतका माझा विश्वास.

शुक्रवारी मॅडमच्या केबिनमध्ये शालूबाई आणि अंतरा आधीच बसल्या होत्या. अंतरा बारीक झालेली. मी आणि कालिंदी उभ्या. मला भीती वाटत नव्हती. उलट कालिंदीचीच काळजी वाटत होती, की खरं सांगितल्यावर हिचं कसं होणार. मॅडमना काय विनवायचं तेसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं.

शालूबाईंनी सरळ कालिंदीलाच विचारलं, "तुमच्या भावाच्या घरात ह्यो कागद गेला कसा? कुणी दिला?"

कालिंदीनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. मला वाटलं, आता बोलते. आणि ती बोललीच.

"अफसानानं दिला मला. पण वाईट मनानं न्हाई, मावशी. माझ्या भाच्याचं भलं व्हावं म्हणून दिला. लई जीव हाय तिचा माझ्यावर." मग मॅडमकडं वळून हात जोडले. "मॅडम, चूक झाली तिच्याकडनं. पण पोरगं शिकतंय तिचं. कामावरनं काढू नका तिला. एकडाव माफ करा. मी पाया पडतो तुमच्या."

 शालूबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी कालिंदीकडं बघून मान हलवली, समजूतदार माणसाकडं बघून हलवतात तशी.

"मावशी," अंतरा म्हणाली. लहानपणापासून ती मला मावशीच म्हणते. "तुम्ही खरंच दिलात?"

"न्हाई ग बाळा. माझ्या नावानं सगळीच शिरत हुती. प्रिंटरचं माझ्या एकटीच्या नावावर जपून ठेवलं जात हुतं, म्हणून. त्या सकाळी वरचा प्रिंटर निवडलेला हुता, मी तो बदलला आणि..." मी बोलत राहिले. ट्रे, पासवर्ड, सर्व्हर, दत्तप्रसाद, सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता, आणि माझं मलाच ते ऐकताना वाटत होतं की ही बाई बनवून सांगते आहे. अंतरा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती. शिकवणारी पोरगी, ऐकून घ्यायची सवय.

"असू द्या, मावशी," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून उठली.

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच उभी राहून भांडले असते. 'असू द्या'शी कसं भांडायचं? मॅडमनी कोऱ्या कागदावर माफीनामा लिहून द्यायला सांगितला आणि म्हणाल्या, "कालिंदीचे उपकार माना."

बाहेर आलो. काउंटरवरच्या दोन्ही पोरी माना खाली घालून रिपोर्ट छापत होत्या. पॅसेजमध्ये कालिंदीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे अजून ओले होते आणि चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

"बघ," ती हळूच म्हणाली, "वाचवली की न्हाई तुझी नोकरी?"

आणि ती थांबून माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून ती खरंच वाट बघत होती.