तिसरा कप

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या मातीची कॉफीची सुरई आहे. सध्या जेरुसलेममध्ये एका खासदाराच्या संसदेतल्या कार्यालयात, काचेच्या कपाटात मिरवते. मिरवणं कसलं, शिक्षाच आहे.

मला घडवलं वोर्कूच्या आईने, इथिओपियात, गोंदारजवळच्या आमच्या गावात. एकोणिसाव्या वर्षी वोर्कू इस्रायलला आला तेव्हा तिच्या शालीत मला गुंडाळून आणलं. सैन्यात गेला तिथेही मी सोबत होते. आमच्यात एकाच भुकटीवर तीनदा पाणी घालून तीन कप देतात. तिसरा आशीर्वादाचा. तो न घेता उठणं म्हणजे घराचा अपमान. वोर्कू पहाऱ्यावरच्या शिपायालाही तिसरा कप नेऊन द्यायचा. तेव्हा तो माणूस होता.

मग निवडणूक आली. मला आणि कॅमेरेवाल्यांना घेऊन तो आमच्याच गावाहून आलेल्या तिरुनेशमावशीकडे गेला. तिची लेक अकरा वर्षं गोंदारमध्ये इस्रायलला यायच्या परवान्याची वाट पाहत अडकली आहे.

"मावशी, तुमच्या लेकीला मी आणणार," दुसरा कप संपवून तो म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला आणि स्वारी उठली. "तिसरा निवडून आल्यावर."

निवडून आला. मी कपाटात हलू नये म्हणून माझ्या बुडाला भोक पाडून स्क्रू ठोकला. पाहुण्यांना सांगतो, "माझ्या आईच्या हातची." आवाजही भरून येतो त्याचा. किळस येते मला.

काल मावशी भाजलेली कॉफी घेऊन आली. अडकलेल्यांना आणायच्या ठरावावर दुपारी मतदान होतं.

"पक्षाचा आदेश आहे, मावशी. विरोधात मत नाही देणार मी. फक्त सभागृहात नसेन."

"पहाऱ्यावरून असा उठून गेला असतास का रे?"

साहेब घड्याळाकडे बघू लागले. मावशीने कपाट उघडलं, स्क्रू पिळून मला सोडवलं आणि तांब्यातलं पाणी माझ्यात ओतलं. ते सगळं त्याच्या टेबलावर सांडलं. तो फडकं शोधत धावला.

"तुझ्या आईनं हिला भोक ठेवलं नव्हतं," मावशी म्हणाली आणि कॉफीची पुरचुंडी उचलून निघून गेली.

मतदानाची घंटा झाली. साहेब उपाहारगृहात जाऊन बसले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तो मला रोज मऊ फडक्याने पुसतो. असं कुणालाच जपू नका.