चहाच्या पेटीतली चांदी

"देख, एक थेंब तरी खाले पडना का?" उखर्डूने चकचकीत कागदाचा द्रोण करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं.

"कागदले चहाना वास शे. बिबड्यास्ले लागी," ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, वाळत घालत त्याची बायको मंजुळाबाई म्हणाली.

उखर्डू जळगावात चहाच्या वखारीत पेट्या फोडायचा. पेटीच्या आतलं अस्तर तो घरी आणी आणि दिसेल त्याला त्याचं कौतुक ऐकवी. हा अल्युमिनियमचा कागद. ना ओल शिरत, ना उजेड, ना मुंगी! लोक त्याला पाहून रस्ता बदलत. पण यंदा कामच तसं होतं. लेक वच्छला धुळ्याला दिलेली, आणि मागच्या वर्षी माहेरच्या बिबड्यांना बुरशी आली म्हणून सासू तिला चार बायकांत घालूनपाडून बोलली होती. बापाच्या जिवाला ते फार लागलं होतं. त्याने कागद उन्हात टाकून वास घालवला, त्यात बिबड्या गुंडाळल्या आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबरोबर धाडल्या.

दिवाळीला लेकीला आणायला तो धुळ्याला गेला. हातपाय धुऊन टेकतो न टेकतो तोच विहीणबाईंनी भाजलेली बिबडी पुढे ठेवली. त्याने तुकडा मोडला, कडाड वाजला. उखर्डूला आभाळ ठेंगणं झालं.

"गल्लीमा बठ्ठास्न्या बिबड्या वाया गयात," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हन्या मातर चांदीना गुणवरी टिकन्यात!"

"चांदी?"

त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. कानबाईच्या मागे चहाच्या पेटीचं अस्तर झगमगत होतं, त्याला हळदकुंकूही लावलेलं.

"बठ्ठी गल्लीले दखाडं मी. सूनना बापनी चांदीमा बांधीसन धाडं!"

"अक्का, हाई ते अल्लु—" उखर्डूची जीभ सवयीने सुटली. तेवढ्यात दाराआडची वच्छला दिसली. अंगावर नवं लुगडं, हातात घरच्या किल्ल्या, आणि चेहरा पांढराफटक.

उखर्डूला जोराचा ठसका लागला. खरा की खोटा, ते त्यालाच ठाऊक.

"चांदीच शे, अक्का," तो म्हणाला. "पन हलकी शे. आम्ही गरीब मानसं."

"हलकी का व्हयेना," विहीणबाई म्हणाल्या, आणि वळून सुनेला हाक मारली, "वच्छला, दूर कसाले उभी? बस बापजोडे."

वच्छला येऊन शेजारी बसली. सासूसमोर ती आजवर कधी बसली नव्हती. बापाने उरलेली बिबडी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली, आणि दोघं मान खाली घालून खात राहिली.