चंद्र काही पाटावर बसत नाही

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, ठाण्यात कोपरीतल्या एका घरात, पायलच्या मोबाइलवर निरोप आला : तुमची एक फर्स्ट कझिन सापडली आहे. नाव अंतरा, राहणार विठ्ठलवाडी.

मित्रांनो, मी तेव्हा त्याच घरात होतो, गॅसच्या सिलिंडरखाली. मी एक जुना पाट आहे. शिसवी, चार कोपऱ्यांना पितळी फुले. त्यांतले एक गळून गेले. चिपळूणच्या सुताराने मला पायलच्या आजीच्या, म्हणजे मीराबाईंच्या लग्नासाठी घडवले. पाटाला काम एकच, मानाच्या माणसाला जमिनीपासून चार बोटे वर बसवायचे.

लग्नानंतर मीराबाई माझ्यावर बसल्या त्या मांडीवर मुलगा घेऊन. बारसे होते. बायकांनी ओवाळले, बाळ रडले, पेढे वाटले गेले. मग मला पुसून माळ्यावर ठेवले. पुन्हा खाली काढले तेव्हा त्यांच्या मांडीवर मुलगी होती, शीला. मुलगा घरात नव्हता आणि त्याचे नावही कुणी घेत नव्हते. मला वाटले, गेला असेल बिचारा.

भाऊबीजेला छोटी शीला नवा फ्रॉक घालून विचारायची, "आई, मी कुणाला ओवाळू?" भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात. मीराबाई मला गॅलरीत मांडायच्या, भोवती रांगोळी काढायच्या आणि तोंड फिरवून म्हणायच्या, "ओवाळ वर बघून." पण चंद्र काही पाटावर बसत नाही. माझ्यावर बसायची ती शेजारची मांजर.

पुढे माझे चांगले दिवस आले. शीलाच्या लग्नात जावई सुदेश माझ्यावर बसला. पायलचे बारसेही माझ्यावर झाले. पाहुणे मला उचलून बघत आणि म्हणत, "काय जड आहे! खरं शिसव." मग घरात डायनिंग टेबल आले. मी आधी बल्ब बदलणाऱ्याच्या पायांखाली गेलो, शेवटी सिलिंडरखाली. मीराबाई वारल्या तेव्हाही मी तिथेच होतो.

आता त्या रविवारचे सांगतो. पायलने गंमत म्हणून डीएनए तपासणीची पेटी मागवली होती. नळीत थुंकायचे आणि नळी पाठवून द्यायची. त्याचे हे उत्तर होते.

"कझिन म्हणजे नेमकं कोण?" सुदेशने विचारले.

इंग्रजीत एका शब्दात भागते. मराठीत मात्र चुलत, आते, मामे, मावस यांतले कुठले ते सांगावे लागते.

"तुझ्याकडचीच असणार," सुदेश शीलाला म्हणाला.

"माझ्याकडे आहे कोण? मी एकटी. तुमच्या थोरल्या भावाला, दादांना विचारा. सारखे ऑडिटला नाशिकला जायचे ना?"

"अगं, दादा म्हणजे देवमाणूस!"

"देवांच्याच भानगडी जास्त असतात."

पायल हसून हसून ओट्याला टेकली. "आई, तू पण टेस्ट कर ना. काका की मामा, लगेच क्लिअर होईल."

मामा निघाला तर शीलाला भाऊ मिळणार होता. पण त्यासाठी आईने जन्मभर लपवले, हे मान्य करावे लागणार होते. "माझी आई असं करणार नाही," ती एवढेच म्हणाली.

तरी दुसरी नळी आली. थुंकण्याआधी अर्धा तास चहा बंद, हे कळल्यावर शीलाच्या तोंडाला कोरडच पडली.

"चिंच आठव," सुदेशने सुचवले.

"तुम्ही समोरून हला आधी!"

उत्तर आले : अंतरा शीलाची भाची. शीलाने तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काकू, माझ्या आईला तीन बहिणी, सगळ्या येतात-जातात," अंतरा म्हणाली. "एकुलते आहेत ते बाबाच. म्हणजे नातं त्यांच्याकडूनच."

"मग काकू नको म्हणू गं. आत्या म्हण," शीला म्हणाली आणि होती तिथेच फरशीवर बसली.

अंतराच्या बाबांना सारी विठ्ठलवाडी भाऊ म्हणते. आपण दत्तक आहोत हे त्यांनाही या नळीमुळेच, साठीजवळ येऊन कळले. पहिल्यांदा ते फोनवर आलेच नाहीत. "त्यांना थोडा टाइम द्या, आत्या," अंतरा म्हणायची. शीला रोज फोनकडे बघायची. दिवाळीच्या तोंडावर चार शब्द आले : भाऊबीजेला येतो. जेवूनच जाईन.

त्याच दिवशी मला बाहेर काढले, घासले, तेल पाजले. पाठीवरचे गंजाचे वर्तुळ तेवढे गेले नाही. मित्रांनो, घरातला पाट ओलीत टाकू नका. आणि वडीलधाऱ्यांना जे विचारायचे ते वेळेत विचारून घ्या. नळी नाते सांगते, कारण सांगत नाही.

भाऊबीजेला सकाळी अकराला भाऊ आले, सोबत अंतरा. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला रोज भाऊ म्हणणारी शीला दारात मात्र अडखळली. "या... अहो भाऊ, या ना."

"अहो काय? अरे म्हण. मोठा भाऊ आहे मी तुझा."

सुदेशने खुर्ची पुढे केली. "गुडघ्यांना त्रास नको."

"खुर्चीत रोजच बसतो. पाट कुठाय?"

भाऊ भिंत धरून, कण्हत, माझ्यावर बसले. बारशानंतर वजन बरेच वाढले होते. घरात टोपी नव्हती, म्हणून अंतराने त्यांच्या डोक्यावर रुमाल टाकला. शीलाने ओवाळले. ती हसत होती.

"भाऊ, आईने तुला का रे दिलं?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

दोघेही असे हसत सुटले की शेजारीण डोकावून गेली.

मीराबाईंनी मूल का दिले, ते अजून कळलेले नाही. आता दुपारचा एक वाजला आहे. पाने वाढून तयार आहेत. भाऊ अजून माझ्यावरच आहेत. एकतर गुडघे उठू देत नाहीत आणि शीला म्हणते आहे, "बस रे. घाई काय आहे?"