जाळीमागचं हसू

झार इव्हान तिसऱ्यांदा लग्न करणार होता. त्यासाठी त्यानं दिलेल्या जमिनीवर जगणाऱ्या प्रत्येक घरानं आपली उपवर मुलगी दाखवायला आणावी, असा हुकूम आमच्या कोस्त्रोम्याकडे आला. आईनं चुलीतली काजळी घेऊन माझ्या तोंडाला फासली. वडिलांनी ओल्या फडक्यानं ती पुसून काढली.

"मुलगी लपवली तर घर जातं," ते म्हणाले, "आणि घराबरोबर माणसंही."

"आणि पसंत पडली तर?"

वडिलांनी फडकं पिळून चुलीपाशी वाळत टाकलं. दोन बायका देवाघरी गेलेल्या माणसाबद्दल आई विचारत होती, आणि त्या कशानं गेल्या हे आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

मावरा आत्या माझ्याबरोबर आली. पहिल्या बर्फात घसरगाडीनं आम्ही अलेक्सांद्रोव्हला पोचलो. झारनं मॉस्को सोडून तिथंच मुक्काम ठोकला होता. तटाच्या दारावर काळ्या कपड्यांतले स्वार उभे होते. खोगिराला एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला कापलेलं कुत्र्याचं मुंडकं. राजद्रोह हुंगून काढायचा आणि झाडून टाकायचा, असा त्याचा अर्थ. त्यांनी आत्याला बाहेरच थांबवलं. ती माझ्या शालीचं टोक सोडेना, तेव्हा एकानं तिची बोटं एकेक करून उलगडली. अगदी हळू, जशी लहान मुलाची उलगडावी.

आत सगळ्या प्रांतांतल्या मुली होत्या. सुइणी तपासत, वैद्य तपासत. दातांपासून टाचांपर्यंत बघत आणि घराण्यात काही दुखणं आहे का ते विचारत. रोज काही मुली घरी जात. जाणारीच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नसे, आणि राहिलेल्या आम्ही तिच्याकडे बघत नसू.

मी राहिले. धडधाकट होते, हाच माझा गुन्हा.

आमच्यावर सोलोमोनिदाबाई होत्या, एका मोठ्या सरदाराची विधवा. दिवसभर त्या आम्हाला लांब मेजाभोवती भरतकामाला बसवत. समोरच्या भिंतीत उंचावर एक लाकडी नक्षीची जाळी होती.

"वर बघायचं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

"तिथं कोण असतं?" कुणीतरी विचारलं.

"कधी कुणी असतं, कधी कुणी नसतं. तुम्ही मात्र असतंच असं समजून वागा."

माझ्या शेजारी नोव्हगोरोदची फेतिन्या बसे. बारीक अंगाची, पिंगट डोळ्यांची आणि तोंडाची फटकळ. सोलोमोनिदाबाई बाहेर गेल्या की मुली दबक्या आवाजात बोलत, आणि बोलत ते त्याच्याचबद्दल.

"आमच्याकडे म्हणतात, लहानपणी तो मनोऱ्यावरून कुत्र्याची पिल्लं खाली फेकायचा."

"आमच्याकडे म्हणतात, देवापुढे इतकं डोकं टेकतो की कपाळाला घट्टा पडलाय."

"दोन्ही खरं असेल," फेतिन्या म्हणाली. "सकाळी एक, दुपारी दुसरं."

वास्सा नावाची एक लठ्ठ, गोरी मुलगी होती. ती म्हणाली, "माझे आजोबा सांगायचे, आईबाप गेल्यावर सरदारांनी त्याला पार पोरकं करून टाकलं. जेवायला वेळेवर देत नसत. त्याच्या देखत त्याच्या बापाच्या बिछान्यावर तंगड्या टाकून बसत. बिचारा."

तो शब्द तोंडातून गेला आणि सगळ्यांच्या सुया थांबल्या. झारला कुणी बिचारा म्हणतं? वास्साचा चेहरा पिठासारखा झाला. आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो, आणि जाळीमागून काही ऐकू येतंय का याची वाट पाहिली. काही आलं नाही. तरी वास्सा त्या दिवशी जेवली नाही.

फेतिन्या या गप्पांत हसायची, पण नोव्हगोरोदचा विषय निघाला की गप्प व्हायची. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात झार काळे स्वार घेऊन तिच्या गावावर गेला होता. तिच्या भावाला बांधून नदीच्या बर्फाखाली ढकललं. वडील दूरच्या ठाण्यावर होते म्हणून वाचले. हुकूम आला तेव्हा त्याच वडिलांनी तिला इथं पाठवलं.

"रागावू कुणावर?" ती मला म्हणाली होती. "त्यांनीच मला गाडीत बसवलं. माझं पांघरूणसुद्धा त्यांना नीट खोचता आलं नाही."

निवड होत होत आम्ही मोजक्याच उरलो. अशाच एका सकाळी, तोंड धुताना, फेतिन्याच्या हातातलं तांब्याचं भांडं खणकन पडलं. मी वळले तर ती जमिनीवर ताठ झाली होती. डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दातांत शालीचा बोळा दिला. झटके थांबेपर्यंत तिला धरून ठेवलं. मान वर केली तर दारात सोलोमोनिदाबाई.

त्यांनी आत येऊन दार लावलं. फेतिन्याला बोलता यायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "हे आधी झालंय?"

"लहानपणापासून."

"आणि वैद्यानं विचारलं तेव्हा?"

"नाही म्हणाले. आजारी आहे म्हटलं असतं तर विचारलं असतं, हुकूम येईपर्यंत बरी होती ना? आमच्या गावच्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?"

सोलोमोनिदाबाई एवढ्या मोठ्या घरच्या, पण त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या.

"तुला घरी पाठवावं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की तुझा बाप गेला. झारच्या घरात रोगट मुलगी घुसवली म्हणून. तुला पारखून आत घेतलं म्हणून मीही गेले. नाही सांगितलं आणि त्यानं तुलाच पसंतीचा रुमाल दिला, तर लग्नाच्या मांडवात..."

मला त्यांची कीव आली. इतके दिवस मला वाटे की दाराच्या त्या बाजूला आहेत त्या सुटलेल्या आहेत.

"स्वभाव वाईट निघाला तर?" मी म्हटलं. "भांडकुदळ, तोंडाळ म्हणून काढलं तर? त्याला रोग म्हणत नाहीत."

बाई माझ्याकडे वळल्या. "चाबूक बसेल."

"बसू दे," फेतिन्या म्हणाली.

"एकटीनं भांडता येत नाही."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुझं नाव वर चाललंय, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच."

दुपारी जेवायला बसलो. कोबीचं सार आणि काळा जाड पाव. सोलोमोनिदाबाईंनी येताना हळूच मान हलवली. आज जाळीमागे माणूस होतं.

"सरक की तिकडे," फेतिन्या मोठ्यानं म्हणाली. "कोस्त्रोम्याची गाय! गोठ्यातून उठलीस ती थेट सिंहासनावर बसायला निघालीस?"

"आणि तू गं? अंगावर मांस नाही, पण जीभ मात्र कोपरापर्यंत!"

"तुझ्या दाढा बघूनच वैद्य पळाला असेल!"

मी तिची वेणी धरली. तिनं माझी. पाव उडाले, बाक उलटला, वास्सा किंचाळत भिंतीला जाऊन चिकटली. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. फेतिन्याचं नख माझ्या गालात रुतलं, आणि मला दिसलं की ती आता माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर वर होती, जाळीवर. तिचा श्वास बदलला होता.

"माझ्या भावाला..." ती ओरडली. "बर्फाखाली..."

मेजावरचं साराचं भांडं मी दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या डोक्यावर पालथं घातलं.

वाक्य तिथंच बुडालं. कोबीची पानं तिच्या केसांवरून, नाकावरून ओघळत होती. एक पान ओठांवर चिकटलं आणि ती श्वासासाठी ते फुंकत होती.

आणि जाळीमागून हसू आलं. मोठं, मोकळं हसू. बराच वेळ चाललं. कोण हसलं ते आम्हाला कुणीच कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आम्ही चाबकाची वाट पाहिली. चाबूक आला नाही. सोलोमोनिदाबाई आल्या त्या दोन फरचे अंगरखे घेऊन.

"दोघींची नावं काढली," त्या म्हणाल्या. "पण मजा वाटली म्हणे. दोघींना बक्षीस दिलंय."

"हे अंगरखे?"

"नवरे. झारच्या स्वतःच्या माणसांतले."

फेतिन्यानं अंगरख्यावरून हात फिरवला. "काळ्या कपड्यांतले?"

बाईंनी मान डोलावली.

झारनं रुमाल दुसऱ्याच एका मुलीला दिला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. विष घातलं असं ठरलं, आणि त्यापायी किती माणसं गेली देव जाणे. ती बातमी कळली तेव्हा मी इस्तोमाच्या घरी भाकरीचं पीठ मळत होते. हात थांबवावेत की नाही ते कळेना.

इस्तोमा माझा नवरा. वयानं फार मोठा नव्हता. त्याचा एक कान थंडीनं झडलेला होता. माझ्यावर त्यानं कधी हात उगारला नाही. घरी आला की झाडू आणि ते मुंडकं परसातल्या खोपीत टांगायचा आणि हात धूत राहायचा, पाणी संपेपर्यंत. फेतिन्याचा भाऊ गेला त्या हिवाळ्यात तो नोव्हगोरोदला होता हे मला त्याच्या सोबत्यांच्या बोलण्यावरून कळलं. मी त्याच्याशी तो विषय काढला नाही. एका छपराखाली राहायचं होतं.

त्या काळ्या स्वारांना शपथ होती. झारच्या टोळीबाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याबरोबर खायचं-प्यायचं नाही. आई-बापसुद्धा त्यातच आले. त्याची आई शेजारच्या गावात राहायची. एका दुपारी ती आली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. इस्तोमा खिडकीपासून दूर भिंतीला पाठ लावून उभा.

"आई आहे ना तुमची?" मी म्हटलं.

"हळू बोल."

"बर्फात उभी आहे."

"मला दिसतंय, उलिता. तू बाहेर जाऊ नकोस. तिलाही धोका आहे."

ती अंधारायच्या आधी निघून गेली. कुंपणाच्या खांबावर मधाची पोळी ठेवून. तो पोळीला शिवला नाही, पाखरांनी खाल्ली.

मग एके वर्षी झारनं ती टोळीच मोडून टाकली. तिचं नावसुद्धा उच्चारायचं नाही; उच्चारलं तर चाबूक. ज्यापायी इतकी माणसं गेली ते कधी नव्हतंच, असं सगळ्यांनी वागायचं. इस्तोमानं झाडू भट्टीत घातला आणि आईकडे गेला. तिनं त्याला बसवलं, खायला वाढलं, काही विचारलं नाही.

फेतिन्याच्या नवऱ्यानं पहिलाच झटका बघितला आणि हिला सैतानानं धरलंय म्हणून तिला मठात नेऊन सोडलं. एका उन्हाळ्यात मी तिला भेटले. काळ्या वस्त्रात ती आणखीच बारीक दिसत होती, पण गालांवर रंग होता.

"मी तुला सोडवलं म्हणायचं का गं?" मी विचारलं.

"अर्धं सोडवलंस," ती हसली. "उरलेलं माझ्या रोगानं. तुला तेवढं काही दुखणं नव्हतं, हे वाईट झालं."

झार गेला तेव्हा वसंतातला चिखल होता. बुद्धिबळाचा पट मांडता मांडता गेला म्हणे. घंटा वाजायला लागल्या, आणि इस्तोमा अंगणात मटकन बसून पोरक्या मुलासारखा रडला.

"आता आपल्याला कोण सांभाळणार?"

गल्लीतल्या बायकाही रडत होत्या, खरंखुरं. "असा दरारा पुन्हा व्हायचा नाही," म्हणत होत्या. मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि त्यांच्याबरोबरीनं हंबरडा फोडला. कोण बघतंय ते आधी पाहून घेतलं.

जेवताना मी म्हटलं, "मला माहेरी जायचंय. इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही."

"कुणाची परवानगी..." तो म्हणाला आणि थांबला. कुणाची ते त्यालाही सांगता येईना.

रस्ते ओले आहेत असं म्हणत आम्ही थांबलो. मग वाळले. मग घोडा लंगडतोय असं वाटलं. घोडा लंगडत नव्हता. शेवटी एके सकाळी मीच गाडी जुंपली. गावाच्या वेशीवर इस्तोमानं लगाम ओढला, टोपी काढली आणि कुणी अडवायला येईल म्हणून वाट बघत उभा राहिला. वेशीवर एक कोंबडी होती, बाकी कुणी नव्हतं.

"चला," मी म्हटलं.

आई आकसून एवढीशी झाली होती. डोळे अधू. तिनं माझा चेहरा बोटांनी चाचपला, पुन्हा पुन्हा. वडील कधीच गेले होते, ते मला तेव्हा कळलं. इस्तोमा दारातच उभा होता, टोपी हातात धरून.

"तो कोण?" आईनं विचारलं.

"माझा नवरा."

आईनं बराच वेळ त्या दिशेला तोंड करून काही हुंगल्यासारखं केलं. मग म्हणाली, "ये बाबा. बस."

तो बसला, पण बाकाच्या अगदी टोकाला. आणि आम्ही तिथं होतो तितके दिवस त्यानं अंगातला कोट उतरवला नाही.